स्लायडो वापरून बघितलं: व्याख्यानमालेतली चिठ्ठी आता फोनवर

ज्यांच्याकडे व्याख्यान, परिसंवाद, सोसायटीची माहितीसभा असले कार्यक्रम होतात आणि शेवटची प्रश्नोत्तरं कायम फसतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. स्लायडो, म्हणजे प्रेक्षकांना आपल्या फोनवरून प्रश्न पाठवता येतात ती ऑनलाइन सोय, तिला माझ्याकडून ५ पैकी ४. हे चारही गुण त्यातल्या प्रश्नोत्तरांच्या भागाला आहेत, बाकी त्यात पोल आहेत, क्विझ आहे, शब्दांचे ढग आहेत, ते सगळं असलं तर असू दे आणि नसलं तरी काही अडत नाही.

आमची व्याख्यानमाला जुन्या वळणाची आहे. ठाणे जिल्ह्यातल्या उपनगरातला हॉल, पुढच्या दोन रांगा ज्येष्ठ नागरिकांच्या, स्टेजवर समई, वक्त्याला शाल-श्रीफळ, आणि शेवटी सूत्रसंचालक सांगणार की प्रश्न चिठ्ठीवर लिहून स्वयंसेवकांकडे द्या. ही चिठ्ठीची पद्धत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की कुठल्याही गावच्या व्याख्यानमालेत जा, तेच दृश्य दिसेल. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, म्हणजे दीडशे वर्षं झाली आपण लोक बसून ऐकतोय, आणि ऐकून झाल्यावर आपल्याला काहीतरी विचारायचं असतं हे तेवढंच जुनं आहे. पण विचारतं कोण? माईक फिरवला की तो ठराविक चार-पाच जणांच्या हातात जातो आणि ते प्रश्न विचारतच नाहीत, स्वतःचं छोटं भाषण करतात. चिठ्ठी फिरवली तर ती स्वयंसेवकाच्या हातातून, सूत्रसंचालकाच्या हातातून, अध्यक्षांच्या नजरेखालून जाते, अक्षर ओळखीचं असतं, गाव छोटं असतं. मागच्या रांगेत बसलेली सून तिच्या मनातलं त्या चिठ्ठीवर लिहीत नाही, हे मी या कामात असल्यापासून बघतेय.

तर स्लायडो म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. २०१२ मध्ये स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाला सुरू झालेली कंपनी, २०२१ मध्ये सिस्को या अमेरिकन नेटवर्किंग कंपनीने घेतली आणि आता त्यांच्या वेबेक्स या ऑनलाइन मीटिंगच्या सेवेच्या घरात आहे. तुम्ही एक अकाउंट काढायचं, कार्यक्रमाचं नाव टाकायचं, एक कोड आणि क्यूआर मिळतो. लोकांनी फोनच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन केला की ब्राउझरमध्येच पान उघडतं. ॲप डाउनलोड करायचं नाही, नाव नाही, नंबर नाही, ओटीपी नाही. आमच्याकडे हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरली, कारण ओटीपी म्हटलं की निम्मे लोक फोन परत खिशात घालतात आणि ते बरोबरच करतात. पान उघडलं की प्रश्न लिहायचा, पाठवायचा. इतरांचे प्रश्न तिथेच दिसतात आणि जो आवडला त्याला अंगठा द्यायचा, जास्त अंगठेवाला प्रश्न वर सरकतो. नाव लिहायचं असेल तर लिहा, नाहीतर प्रश्न निनावी जातो.

आता मला ज्या कार्यक्रमाबद्दल सांगायचं आहे तो स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांचा, चाळिशीनंतरच्या आरोग्यावर. असे कार्यक्रम आम्ही आधीही केलेत, चिठ्ठ्या यायच्या, त्यात कॅल्शियमच्या गोळ्या कधी घ्याव्यात, दूध किती प्यावं, गुडघे दुखतात, असं सगळं. यावेळी आम्ही खुर्च्यांच्या पाठीवर क्यूआरचे कागद चिकटवले आणि भाषण सुरू होण्याआधीच सांगितलं की ऐकता ऐकता जे मनात येईल ते लिहून ठेवा, तुमचं नाव कुणालाही दिसणार नाही, आम्हालासुद्धा नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही. मग कॅल्शियम आलं, मग थायरॉईड आलं, आणि मग एक प्रश्न आला, खोकताना किंवा हसताना लघवी गळते, हे वयाने होतंय का आणि यावर काही उपाय आहे का. तो प्रश्न आल्यावर त्याच्यापुढचा आकडा माझ्या डोळ्यादेखत वाढत गेला, एकेक करून, आणि थोड्या वेळात तो सगळ्यात वर जाऊन बसला. हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं, सगळ्या बायका समोर डॉक्टरांकडे बघत होत्या, पण प्रत्येकीच्या हातातल्या फोनवर तो आकडा दिसत होता. म्हणजे प्रत्येकीला त्या क्षणी कळलं की हे माझ्या एकटीचं नाहीये.

डॉक्टरांनी तो प्रश्न पहिला घेतला आणि त्यावरच बराच वेळ बोलल्या. ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू बाळंतपणानंतर आणि वयाने सैल होतात, ते आवळायचा व्यायाम असतो, तो बसल्या जागी करता येतो पण नियमित करावा लागतो आणि फरक दिसायला काही आठवडे जातात, नाहीच झाला फायदा तर पुढचे उपचार आहेत, पॅड लावून गप्प बसू नका. हे त्यांच्या भाषणात नव्हतंच. त्यांनी नंतर आम्हाला सांगितलं की दवाखान्यातसुद्धा बायका हे शेवटी, दाराशी गेल्यावर, जाता जाता सांगतात. माझ्या मते एका कार्यक्रमात एवढं जरी झालं तरी ते तंत्रज्ञान आणल्याचं सार्थक आहे. लोकांना गुंतवून ठेवायचं म्हणून जे सगळं चालतं, रंगीत पडदे, टाळ्यांचे मीटर, त्यात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण इथे प्रेक्षकाने कार्यक्रमाचा विषयच बदलला.

दुसरा अनुभव सोसायट्यांच्या पुनर्विकासावरच्या माहितीसभेचा. इथे लाज हा प्रश्न नव्हता, इथे गोंधळ हा प्रश्न असतो. वकील बोलणार महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ वर, पुनर्विकासाबद्दलच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयावर, ५१ टक्के संमती कशी मोजतात त्यावर, आणि हॉलमध्ये प्रत्येकाची आपापल्या बिल्डिंगची वेगळी कहाणी. माईक दिला की प्रत्येक जण आधी इतिहास सांगतो, २००८ साली आमची कमिटी अशी होती, मग तसं झालं, आणि प्रश्न येतो शेवटी, तोही वकिलांनी आधीच उत्तर दिलेला. स्लायडोमध्ये प्रश्नाला अक्षरांची मर्यादा असते, सुरुवातीला १६० असते, सेटिंगमध्ये जाऊन वाढवता येते पण मी वाढवली नाही. त्यामुळे इतिहास आपोआप गळून पडला. आणि बिल्डरने मधेच भाडं बंद केलं तर काय, हा एकच प्रश्न वीस तऱ्हेने यायच्या ऐवजी एकदा आला आणि बाकीच्यांनी त्याला अंगठा दिला. वकीलसाहेबांनी करारात बँक गॅरंटी कशी लिहून घ्यायची ते शांतपणे समजावलं, कुणी मधे उठलं नाही. अशी सभा मी आमच्या भागात आधी बघितली नव्हती.

निनावीपणाची दुसरी बाजूही आहे आणि ती सांगायलाच हवी. नाव नसलं की काही लोक हवं ते लिहितात. पुनर्विकासाच्या सभेत एका सोसायटीच्या पदाधिकाऱ्याचं नाव घेऊन पैसे खाल्ल्याचा आरोप कुणीतरी प्रश्न म्हणून टाकू शकतो, आणि तो मोठ्या पडद्यावर गेला तर कार्यक्रम तिथेच संपला, शिवाय बदनामीचं प्रकरण अंगावर. यासाठी मॉडरेशन नावाची सोय आहे, म्हणजे प्रश्न आधी तुमच्याकडे येतो, तुम्ही पास केला तरच सगळ्यांना दिसतो. पण ती पैसे भरून घ्यायच्या वरच्या प्लॅनमध्ये आहे. फुकट वापरणाऱ्यांनी मग काय करायचं, तर पडद्यावर प्रश्नांची यादी लावायचीच नाही, लोकांच्या फोनवर ती दिसते तेवढी पुरे, आणि एक विश्वासू माणूस लॅपटॉपवर बसवायचा जो असला प्रश्न आला की लगेच अर्काइव्ह करेल, म्हणजे यादीतून बाजूला काढेल. हा माणूस कमिटीतल्या कुठल्या गटाचा नसावा, नाहीतर नको असलेले प्रश्नसुद्धा गायब व्हायला लागतात आणि मग चिठ्ठी बरी होती असं म्हणायची वेळ येते. मला स्वतःला वाटतं की मॉडरेशन फुकट प्लॅनमध्येच द्यायला हवं होतं, कारण ती चैन नाहीये, ती सुरक्षेची गोष्ट आहे. माझा एक गुण तिथे गेला.

अंगठ्यांबद्दल पण एक गोष्ट लक्षात ठेवा. जो प्रश्न लवकर येतो त्याला अंगठे मिळायला जास्त वेळ मिळतो, तो वर जातो, वर असतो म्हणून अजून लोकांना दिसतो आणि अजून वर जातो. शेवटच्या पाच मिनिटांत आलेला प्रश्न कितीही चांगला असला तरी तो खाली राहतो, आणि बऱ्याचदा चांगला प्रश्न शेवटीच येतो कारण माणूस पूर्ण ऐकून मग विचार करतो ना. म्हणून सूत्रसंचालकाने फक्त पॉप्युलरची यादी वाचत बसू नये, रीसेंटवर जाऊन नवीन आलेलेही बघावेत. आम्ही आता असं ठरवलंय की वरचे तीन-चार घ्यायचे, मग एक नवीन आलेल्यातला, आणि एक असा ज्याला एकही अंगठा नाही पण सूत्रसंचालकाला महत्त्वाचा वाटतो. शेवटी निवड माणसानेच करायची आहे. ज्या संस्थेकडे चांगला सूत्रसंचालक नाही तिला स्लायडो काही देणार नाही, उलट आकड्यांच्या मागे लपायला एक जागा देईल.

मराठीत लिहिण्याचं म्हणाल तर प्रश्न देवनागरीत नीट दिसतात. अडचण लिहिणाऱ्याच्या बाजूला आहे. तरुण मुलं रोमन लिपीत मराठी लिहून मोकळी होतात, पण साठीच्या पुढच्यांना फोनवर मराठी टायपिंग जमत नाही किंवा फार वेळ लागतो. यावर आम्ही जीबोर्डचं, म्हणजे गूगलच्या फोन-कीबोर्डचं, बोलून लिहायचं बटण दाखवायला लागलो, मराठी भाषा निवडली की माईकवर बोललेलं तो लिहून देतो, फक्त भाषण चालू असताना कुणी फोनशी बोलायला लागलं तर शेजारचे वैतागतात म्हणून ते मध्यंतरात करायला सांगायचं. सूत्रसंचालकाने रोमन लिपीतले प्रश्न वाचायची थोडी सवय करून घ्यायला हवी, पहिल्यांदा वाचताना अडखळायला होतं.

शब्दांचा ढग, वर्ड क्लाउड, हा प्रकार मात्र आपल्याकडे जमत नाही असं माझं स्पष्ट मत झालंय. कल्पना अशी की सगळ्यांनी एकेक शब्द टाकायचा आणि जो जास्त वेळा आला तो मोठा दिसणार. पण तुमच्या शहराची सगळ्यात मोठी समस्या कोणती असं विचारलं की कुणी पाणी लिहिणार, कुणी पाण्याची टंचाई, कुणी पाणीप्रश्न, कुणी रोमन लिपीत लिहिणार आणि त्यातही कुणी एक ए, कुणी दोन, आणि ते सगळे वेगवेगळे शब्द धरले जातात. त्यामुळे पाणी पाच ठिकाणी बारीक बारीक आणि ट्रॅफिक मधोमध मोठं. दिसायला छान दिसतं, लोक फोटो काढतात, पण त्यावरून काही ठरवायला जाल तर फसाल. त्याऐवजी चार पर्याय देऊन साधा पोल घ्या, आणि निकाल लपवून ठेवा, सगळ्यांचं मत देऊन झाल्यावर दाखवा. आकडे आधी दिसले की लोक जिकडे जास्त तिकडे झुकतात. २००० साली केबीसी सुरू झालं तेव्हापासून ऑडियन्स पोलचे ते चार खांब आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहेत आणि तिथेही खांब सगळ्यांची उत्तरं येऊन गेल्यावरच दिसायचे, कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

आता बाकीच्यांशी तुलना. मेंटीमीटर स्वीडनचं, दिसायला स्लायडोपेक्षा देखणं, स्लाइड आणि पोल एकातच बनतात, कॉलेजच्या वर्गासाठी किंवा ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी मी तेच सुचवेन. पण फुकट वापरायचं तर महिन्याला ५० जणांची मर्यादा आहे आणि आमच्यासारख्या हॉलला ते पुरत नाही. कहूत नॉर्वेचं, ते वेगळंच प्रकरण आहे, फोनवरची क्विझ, उत्तरांच्या पर्यायांना लाल त्रिकोण, पत्त्यांतल्या चौकटसारखा निळा आकार, पिवळं वर्तुळ, हिरवा चौरस, जो लवकर बरोबर उत्तर देईल त्याला जास्त मार्क आणि शेवटी पोडियमवर पहिले तीन. गणपतीत मुलांसाठी सामान्यज्ञानाची स्पर्धा घ्यायची असेल तर याच्यासारखं काही नाही, आरडाओरडा, नाचणं, सगळं होतं. मोठ्यांच्या कार्यक्रमात मात्र वेळेवर मार्क देणं मला पटत नाही, कारण ज्याचा फोन जुना किंवा हात थरथरतो तो उत्तर येत असूनही मागे पडतो. ज्येष्ठांच्या मेळाव्यात कहूत घेणार असाल तर वेळेचे मार्क बंद करण्याचा पर्याय आहे का ते आधी शोधा, किंवा घेऊच नका.

सगळ्यात मोठा शत्रू नेटवर्क. हे कुठल्याच कंपनीच्या हातात नाही. जुन्या सभागृहांच्या जाड भिंती, तळमजल्याचा हॉल, आणि एकाच वेळी दोन-तीनशे फोन एकाच टॉवरवर, की पान गोल गोल फिरत बसतं. हॉल बुक करताना एसी किती टनाचा हे आपण विचारतो तसं आता मागच्या रांगेत बसून डेटा चालतो का हेही बघून यायला हवं, आणि तेही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर. हॉलचं वायफाय असेल तर त्यावर एकावेळी किती जण चालतील ते विचारा, बऱ्याचदा ते ऑफिसपुरतंच असतं. निदान स्टेजवरच्या लॅपटॉपला वेगळं कनेक्शन ठेवा, म्हणजे आलेले प्रश्न तरी वाचता येतील. क्यूआर फक्त पडद्यावर दाखवून भागत नाही, मागच्यांना तो स्कॅन होत नाही, खुर्चीवर किंवा निमंत्रणपत्रिकेवरच छापा. आणि ज्यांना स्कॅन जमत नाही त्यांच्यासाठी कोड मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचा.

पैशाचं सांगायचं तर स्लायडोच्या फुकट प्लॅनमध्ये एका कार्यक्रमाला १०० जण आणि ३ पोल मिळतात, प्रश्नांना मर्यादा नाही. ऐकायला कमी वाटतं पण २५० माणसांच्या हॉलमध्ये प्रत्यक्षात फोन काढून आत येणारे शंभरच्या आसपासच असतात, नवरा-बायको एकाच फोनवरून विचारतात, मैत्रिणी एकत्र बसतात. त्यापेक्षा मोठा कार्यक्रम असेल तर पैसे भरावे लागतील आणि ते डॉलरच्या हिशोबाने असल्यामुळे छोट्या संस्थेला जड जातं. वर्षातून एकदाच होणारी व्याख्यानमाला असेल तर वर्षभराची वर्गणी भरण्यात अर्थ नाही, फुकटातच बसवा.

कुठे वापरू नये हेही सांगते. नाटकात नाही, गाण्याच्या मैफलीत नाही. २०१९ मध्ये प्रयोग चालू असताना वाजणाऱ्या मोबाईलवरून सुबोध भावे, सुमीत राघवन यांनी जाहीरपणे किती कळकळीने बोललं होतं ते आठवा, आणि ते शंभर टक्के खरं होतं. तिथे प्रेक्षकाने अंधारात गप्प बसून बघणं हाच त्याचा सहभाग आहे. मोठ्या कॉन्सर्टचं तंत्र अजून वेगळं. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तिथे प्रत्येकाच्या मनगटावर लुकलुकणारा पट्टा होता, त्याचे रंग स्टेजच्या बाजूने इन्फ्रारेडने बदलले जातात आणि अख्खं स्टेडियम एका क्षणात निळं, एका क्षणात पिवळं होतं. दिसायला अप्रतिम, त्यात वाद नाही, पण त्यात प्रेक्षकाला काही सांगायचं असेल तर त्याला वाट नाही, तो दृश्याचा भाग होतो. दोन्हीला एकाच नावाने इंटरॲक्टिव्ह म्हणतात, मला विचाराल तर इंटरॲक्टिव्ह ते, जिथे स्टेजवरचा माणूस प्रेक्षकामुळे आपलं बोलणं बदलतो.

राहता राहिले ज्येष्ठ. आमच्याकडे पुढच्या रांगेतले एक काका दरवर्षी सुंदर अक्षरात, मुद्देसूद चिठ्ठी देतात, त्यांना फोन देऊन स्कॅन करा म्हणणं मला योग्य वाटलं नाही आणि आम्ही ते केलं नाही. चिठ्ठ्या चालूच ठेवल्या. फरक एवढाच केला की आलेली चिठ्ठी एक स्वयंसेवक लगेच स्लायडोवर टाइप करतो, म्हणजे तिलाही बाकीच्यांसारखेच अंगठे मिळतात आणि चिठ्ठीवाले व फोनवाले अशा दोन रांगा होत नाहीत. याला एक जास्तीचा माणूस लागतो, जलद मराठी टाइप करणारा, कॉलेजची पोरं हे आनंदाने करतात. ज्यांना आपल्याकडे हे सुरू करायचंय त्यांनी पहिल्या वर्षी पोल, क्विझ काहीच घेऊ नका, फक्त प्रश्न घ्या, आणि वक्त्यांना आठवडाभर आधी कळवा की शेवटची २० मिनिटं प्रश्नांना राखून ठेवायची आहेत, कारण प्रश्न भरपूर येतात आणि वेळ नसला की लोकांचा हिरमोड होतो. उत्तर न मिळालेले प्रश्न आम्ही वक्त्यांना मेल करतो आणि त्यांनी उत्तरं दिली की व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, डॉक्टरांनी तर सगळ्यांची दिली, एकूण एक.